गावाचं सुतक

पूर्णा आणि केळना या दोन नद्यांच्या संगमावर जाफराबाद वसलं आहे. तालुका जालना जिल्ह्यातला, म्हणजे कागदोपत्री मराठवाडा. पण शिवार ओलांडलं की चिखली, देऊळगाव राजा हे बुलढाणा जिल्ह्याचे तालुके लागतात आणि विदर्भ सुरू होतो. १९४८पर्यंत ही हद्द खरोखर दोन अमलांमधली होती. अलीकडे निजाम, पलीकडे १९४७पर्यंत इंग्रजांच्या ताब्यात असलेला वऱ्हाड. आता ती महसुली नकाशात आणि पुढाऱ्यांच्या भाषणांत उरली आहे. माणसांनी ती फारशी मनावर घेतलेली नाही. इकडच्या लेकी तिकडे दिलेल्या, तिकडच्या इकडे आणलेल्या. मामा देऊळगाव राजाकडचा, आत्या चिखलीकडची, आणि मिरची-टोमॅटोचं बियाणं तयार करणारी पांढरी शेडनेटं दोन्हीकडच्या शेतांत सारखीच. या पट्ट्यात कुणी गेल्याची बातमी आली की माणसं जिल्हा विचारत नाहीत, ‘कुणाकडचा?’ असं विचारतात.

२०१९ साली हा प्रश्न इथे पुन्हा पुन्हा विचारावा लागला.

१४ फेब्रुवारीला पुलवामाजवळ केंद्रीय राखीव पोलीस दलाच्या ताफ्यावर स्फोटकांनी भरलेली गाडी आदळली. ४० जवान गेले. त्यांत बुलढाणा जिल्ह्यातले दोघे होते: मलकापूरचे संजयसिंह राजपूत आणि लोणार तालुक्यातल्या चोरपांग्र्याचे नितीन राठोड. दोघांचे पार्थिव औरंगाबादच्या चिकलठाणा विमानतळावर उतरले आणि तिथून आपापल्या गावी गेले. हजारोंची गर्दी लोटली. गावाकडे या जवानांना सरसकट ‘फौजी’ म्हणतात. पण ते ज्या दलात होते ते नावाने पोलीस दल आहे.

अडीच महिने गेले आणि १ मे उजाडला. महाराष्ट्र दिन. जालन्यासाठी या तारखेचं आणखी एक महत्त्व आहे. १ मे १९८१ला औरंगाबाद जिल्ह्यातून जाफराबाद, भोकरदन, अंबड, जालना हे तालुके आणि परभणीतून परतूर काढून जालना जिल्हा झाला. त्यामुळे त्या दिवशी इथल्या शाळा-कचेऱ्यांत झेंडावंदनाला राज्याचा आणि जिल्ह्याचा असा दोन्ही वाढदिवसांचा उल्लेख होतो. २०१९लाही तो झाला असेल. दुपारी गडचिरोलीची बातमी आली.

आदल्या रात्री कुरखेडा तालुक्यातल्या दादापूरला माओवाद्यांनी रस्त्याच्या कामावरची पंचवीसहून अधिक वाहनं आणि यंत्रं जाळली होती. तिकडे जाण्यासाठी कुरखेड्याचं शीघ्र कृती पथक निघालं. एका खासगी वाहनात बसून निघालं. जांभुळखेड्याजवळ नाल्यापाशी रस्त्याखाली पेरलेला भूसुरुंग उडवण्यात आला. पथकातले १५ जवान आणि गाडीचा चालक, असे सोळाही जण जागीच गेले.

संध्याकाळपर्यंत नावं आली. त्यांत सर्जेराव एकनाथ खार्डे हे देऊळगाव राजा तालुक्यातल्या आळंदचे होते आणि राजू नारायण गायकवाड मेहकरचे. पुलवामापासून मोजलं तर अडीच महिन्यांत एकाच जिल्ह्यात ही चौथी तिरंग्यात गुंडाळलेली पेटी. जाफराबादहून आळंदकडे जायला जिल्हा बदलावा लागतो, बाकी काही बदलत नाही. तीच काळी माती, तीच कपाशी, मका, सोयाबीन, तीच बोली.

त्या पंधरा नावांची यादी एकदा सावकाश वाचावी अशी आहे. मडावी, हलामी, कोडापे, दुग्गा ही गडचिरोलीच्या मातीतली आदिवासी आडनावं. शहारे, वालोदे, घोरमारे हे भंडाऱ्याकडचे. चव्हाण हिंगोली जिल्ह्यातले, रहाटे यवतमाळचे, शेख बीड जिल्ह्यातल्या पाटोद्याचे, खार्डे आणि गायकवाड बुलढाण्याचे. महाराष्ट्र दिनी एका वाहनात एवढा महाराष्ट्र बसला होता. राज्याच्या एकतेवर व्यासपीठांवरून होणारी भाषणं मी पुष्कळ ऐकली आहेत. मला या यादीसमोर ती सगळी फिकी वाटतात.

हे तरुण पोलिसात जातात ते कशासाठी, याचं उत्तर जाफराबाद-टेंभुर्णीच्या रस्त्यावर पहाटे मिळतं. अंधार असतानाच पोरं पळायला लागतात. हल्ली पोरीही पळतात. कुणाच्या पायात चांगले बूट, कुणाच्या पायात भावाचे जुने. सोळाशे मीटर, शंभर मीटर आणि गोळाफेक, या तीन गोष्टींभोवती पोरांची तीन-चार वर्षं फिरत असतात. उंची एकशे पासष्ट सेंटीमीटर भरली पाहिजे, छाती फुगवून पाच सेंटीमीटर वाढली पाहिजे. दुपारी अभ्यासिकेत बसून गणित, बुद्धिमत्ता, चालू घडामोडी. तालुक्याच्या गावोगावी ‘करिअर अकॅडमी’च्या पाट्या आहेत आणि त्यांवर मागच्या भरतीत ‘लागलेल्या’ पोरांचे पासपोर्ट आकाराचे फोटो ओळीने लावलेले असतात.

यामागे शेती आहे. दोन-तीन एकरांत दोन भाऊ, एखादी विहीर, तीही मार्चनंतर तळाला. बियाण्याच्या प्लॉटने काही घरं सावरली हे खरं. जालना ही बियाणं कंपन्यांची राजधानी, आणि तिच्या भोवतीच्या तालुक्यांत बायाबापड्यांनी फुलाफुलाला हाताने परागीकरण करून तयार केलेलं बियाणं देशभर जातं. पण शेडनेट उभं करायला भांडवल लागतं आणि एका गारपिटीत ते आडवं होतं. मग घरात एकाने तरी पगारावर असावं, असं प्रत्येक बापाला वाटतं. पगाराच्या नोकऱ्यांत पोलीस भरती ही अशी जागा आहे, जिथे ओळख आणि पैसा नसलेलं पोरगं आपल्या पायांच्या जोरावर निवडलं जाऊ शकतं. अशी समजूत तरी आहे, आणि ती बऱ्याच अंशी खरीही आहे. ‘पोरगं लागलं’ हे दोन शब्द ज्या दिवशी गावात फिरतात त्या दिवशी पेढे वाटले जातात, डीजे लागतो, फ्लेक्स लागतो. त्या फ्लेक्सवर गणवेशातला जो फोटो असतो, तोच फोटो काही घरांत पुढे हार घालून भिंतीवर जातो.

देशप्रेम नसतं असं मी म्हणत नाही. वर्दी अंगावर चढली की ते येतं, आणि आलेलं खरं असतं. पण गडचिरोलीत गेलेल्या जवानाच्या घरी जाऊन देशासाठी दिलेल्या बलिदानाबद्दल बोलणाऱ्यांनी एवढं लक्षात ठेवावं की त्या घराने पोरगं नोकरीला पाठवलं होतं. घर बांधायचं होतं, बहिणीचं लग्न करायचं होतं, विहिरीवर मोटार बसवायची होती. आईबापाच्या दुःखात या राहिलेल्या कामांचाही भार असतो, आणि ‘वीरमाता’, ‘वीरपिता’ म्हणून सत्कार करताना तो भार दिसेनासा होतो.

अशी बातमी आली की आपल्याकडच्या गावात काय होतं, हे या पट्ट्यातल्या माणसाला सांगायला नको. आधी फोन पुरुषांकडे येतो. तो पोलीस पाटलाकडे किंवा सरपंचाकडे येतो, कधी थेट भावाकडे. आईला आणि बायकोला लगेच सांगत नाहीत. ‘जखमी आहे, दवाखान्यात नेलंय’ असं सांगतात. तोपर्यंत टीव्हीवर नाव आलेलं असतं. शेजारच्या घरातला टीव्ही बंद केला जातो, केबल काढली जाते. हल्ली मोबाईलमुळे तेवढंही हातात राहत नाही. मग अंगण भरतं. त्या रात्री गल्लीत कुणाच्या घरी चूल पेटत नाही. भाकरी पलीकडच्या आळीतून येते. तरुण पोरं रस्ता झाडायला घेतात, कारण उद्या गाड्यांचा ताफा येणार. मैदान सपाट करायचं, मंडप घालायचा, लाकडं आणायची, पाण्याचे टँकर सांगायचे. ही कामं कुणी वाटून देत नाही. गावाला ती ठाऊक असतात.

दुसऱ्या दिवशी सरकार येतं. फुलांनी सजवलेला ट्रक, पोलिसांची तुकडी, जिल्हाधिकारी, अधीक्षक, पालकमंत्री. शस्त्रं उलटी होतात, बिगुल वाजतो, हवेत फैरी झडतात. तिरंग्याची विधिवत घडी घालून ती घरच्यांच्या हाती देतात. ‘अमर रहे’च्या घोषणा थांबत नाहीत. आणि याच गर्दीत, याच मैदानात, गावाचा स्वतःचा विधी चालू असतो: मडकं धरलेला पोरगा, खांदा देण्यासाठी रेटारेटी करणारे मित्र, घरातल्या बायकांना मागे धरून ठेवणाऱ्या बायका. हे दोन विधी एकमेकांना नीट ओळखत नाहीत. शासकीय इतमामाला वेळ पाळायची असते. आईला पेटी उघडून पोराचं तोंड पाहायचं असतं. भूसुरुंगाच्या स्फोटात गेलेल्याची पेटी उघडता येत नाही. अशा वेळी पेटीजवळ उभ्या असलेल्या हवालदाराला जे सांगावं लागतं, ते कोणत्याही प्रशिक्षणात शिकवलेलं नसतं.

मग दहावा, तेरावा. सुतक फिटतं. पण त्याआधीच, जांभुळखेड्याच्या स्फोटानंतर सहाव्या दिवशी, ७ मे २०१९ला, अक्षय तृतीया होती. आपल्याकडे या सणाला पितरांच्या नावाने पाण्याने भरलेली घागर ठेवतात, आंब्याचा रस आणि पुरणपोळी करतात. त्या वर्षी दोन्ही जिल्ह्यांत ऊन रणरणत होतं, दुष्काळ होता, टँकर चालू होते. माझ्या ओळखीच्या एका घरात त्या सणाला नेहमीच्या घागरींपेक्षा एक जास्त ठेवली गेली. गेलेला त्यांच्या नात्यातला नव्हता. घागर ठेवणाऱ्या म्हातारीने त्याबद्दल कुणाला काही सांगितलं नाही आणि कुणी विचारलंही नाही.

कामावर असताना मेलेल्या माणसाची आठवण कशी ठेवायची, हे या मुलखाला नवं नाही. देऊळगाव राजा तालुक्यातलं मेहुणा राजा हे संत चोखामेळ्याचं जन्मगाव मानलं जातं. चोखोबा मंगळवेढ्याला गावकुसाच्या भिंतीचं काम करत असताना ती भिंत कोसळून मजुरांसह गाडले गेले. नामदेव पंढरपुराहून तिथे गेले, ढिगाऱ्यातून चोखोबांच्या अस्थी शोधल्या आणि त्या आणून विठ्ठलाच्या महाद्वाराशी समाधी बांधली, अशी परंपरा सांगते. ज्याला देवळाच्या पायरीवर चढू दिलं नाही त्याच्या अस्थी पायरीपाशी आणण्यासाठी एक मित्र एवढी वाट चालला. कामाला लावणाऱ्याने त्याच्यासाठी काय केलं, याची नोंद कुठे नाही. नामदेवाची आहे.

त्याहून जुने वीरगळ आहेत. मराठवाड्यात कितीतरी गावांच्या वेशीवर, मारुतीच्या पारावर, शेंदूर फासलेल्या या शिळा उभ्या आहेत. खालच्या चौकटीत झुंज, मधल्या चौकटीत वीराला वर नेणाऱ्या अप्सरा, वरच्या चौकटीत शिवलिंगाची पूजा आणि माथ्यावर चंद्रसूर्य. गुरं पळवणाऱ्यांशी लढताना मेला, गाव राखताना मेला, त्याची शिळा गावाने उभी केली. बहुतेकांवर नाव नाही. आज त्या वीरगळांना गाव कुठल्यातरी देवाच्या नावाने नारळ फोडतं. पूजा शेकडो वर्षं टिकली आणि माणूस हरवला. स्मारकं उभारणाऱ्यांनी या शिळांकडे एकदा नीट पाहावं, असं मला नेहमी वाटतं.

अलीकडच्या काळात काही गावांनी आपल्या पोलिसांना हरवू दिलेलं नाही. २६ नोव्हेंबर २००८च्या मुंबई हल्ल्याच्या रात्री गिरगाव चौपाटीवर हातात फक्त लाठी घेऊन दहशतवादी कसाबच्या बंदुकीची नळी धरून ठेवणारे सहायक उपनिरीक्षक तुकाराम ओंबळे सातारा जिल्ह्यातल्या जावळी तालुक्याचे, केडंबे गावचे. त्यांना अशोकचक्र मिळालं, चौपाटीवर त्यांचं स्मारक आहे, आणि केडंब्यातल्या स्मारकासाठी २०२५मध्ये राज्य सरकारने १३ कोटी ४६ लाख रुपये मंजूर केले. त्याच हल्ल्यात ताजमहाल हॉटेलात शिरलेला राज्य राखीव दलाचा जवान राहुल शिंदे पोटात गोळी लागून गेला. तो सोलापूर जिल्ह्यातल्या माढा तालुक्याचा. त्याच्या सुलतानपूर गावाने स्वतःचं नाव बदलून राहुलनगर करायचं ठरवलं. राहुलच्या वडिलांनी सरकारी मदतीतली मोठी रक्कम मुलाच्या स्मारकाला लावली आणि नावाच्या बदलासाठी वर्षानुवर्षं कचेऱ्यांचे उंबरे झिजवले. मंजुरी मिळेपर्यंत पंधरा वर्षं उलटत आली होती.

मुंबईत जे घडलं ते कॅमेऱ्यांसमोर घडलं. गडचिरोलीत २००९ या एका वर्षात तीन वेळा पोलिसांचा संहार झाला. १ फेब्रुवारीला मरकेगावात १५, २१ मे रोजी हत्तीगोटाच्या जंगलात १६, त्यांत पाच महिला पोलीस, आणि ८ ऑक्टोबरला लाहेरीत १७. लाहेरीनंतर नवव्या दिवशी लक्ष्मीपूजन होतं. या तीन गावांची नावं आज महाराष्ट्रात किती जणांना सांगता येतील? मुंबई हल्ल्याचा स्मृतिदिन वाहिन्या पाळतात. लाहेरीचा दिवस ती सतरा घरं आणि गडचिरोलीचं पोलीस दल पाळतं.

देशाचा दिवस २१ ऑक्टोबर आहे. १९५९ साली या तारखेला लडाखमधल्या हॉट स्प्रिंग्ज इथे, आदल्या दिवशी परत न आलेल्या साथीदारांच्या शोधात निघालेल्या पोलिसांच्या तुकडीवर चिनी सैनिकांनी गोळीबार केला. करमसिंग त्या तुकडीचे प्रमुख होते. दहा पोलीस मेले, काही पकडले गेले. मृतदेह चीनने १३ नोव्हेंबरला परत दिले आणि हॉट स्प्रिंग्जलाच पोलीस इतमामात अंत्यसंस्कार झाले. तेव्हा त्या सरहद्दीवर पहारा पोलिसांचा होता. पुढच्या जानेवारीत देशभरच्या पोलीस महानिरीक्षकांच्या परिषदेत हा दिवस पोलीस स्मृतिदिन म्हणून पाळायचं ठरलं. २०१८ साली याच तारखेला दिल्लीत चाणक्यपुरीत राष्ट्रीय पोलीस स्मारकाचं उद्घाटन झालं. तिथे तीस फूट उंचीचा ग्रॅनाइटचा अखंड स्तंभ आहे आणि स्वातंत्र्यानंतर कर्तव्यावर मेलेल्या पोलिसांची चौतीस हजारांहून अधिक नावं तेव्हाच भिंतीवर कोरलेली होती.

दरवर्षी २१ ऑक्टोबरच्या सकाळी जालन्यासह प्रत्येक जिल्ह्याच्या पोलीस मुख्यालयात संचलन होतं. आदल्या वर्षीच्या १ सप्टेंबरपासून चालू वर्षीच्या ३१ ऑगस्टपर्यंत देशात जितके पोलीस कर्तव्यावर असताना मेले, त्या सगळ्यांची नावं एक अधिकारी वाचतो. राज्यवार वाचतो. छत्तीसगड, जम्मू-काश्मीर, झारखंड, मणिपूर. कॉन्स्टेबल, हेड कॉन्स्टेबल, कॉन्स्टेबल, उपनिरीक्षक. यादी लांब असते आणि ऊन चढत असतं. मला या संपूर्ण सोहळ्यात ते वाचन सर्वांत मोलाचं वाटतं. कुणाच्या हौतात्म्याचं वर्णन नाही, विशेषण नाही. हुद्दा आणि नाव. जालन्यातला शिपाई मणिपूरच्या शिपायाचं नाव ऐकत उभा राहतो, आणि त्याच सकाळी इंफाळमध्ये कुणीतरी महाराष्ट्रातलं नाव उच्चारत असतं.

गेल्या वर्षी, २०२५मध्ये, २१ ऑक्टोबरलाच लक्ष्मीपूजन आलं. सकाळी शोकाची परेड आणि संध्याकाळी घरात पणत्या. म्हणजे ज्यांना घरी जाता आलं त्यांच्या घरात. दिवाळीत पोलिसाला रजा नसते. गणपतीत नसते, ईदेला नसते, निवडणुकीत नसते. अशा घरांतल्या पोरांना बापाशिवाय अभ्यंगस्नान करायची सवय असते. ज्या घरातला पोलीस गेलेला असतो, तिथे पहिल्या दिवाळीला सोयरे फराळाचे डबे घेऊन येतात. त्या घरी कढई चढवायची नसते, म्हणून दुसऱ्यांनी आणायचं. तो डबा उघडून पोरांच्या हातात लाडू देणारी आत्या किंवा मावशी जे करते, त्याला मी गावाने पाळलेला स्मृतिदिन मानतो.

इथवर लिहिलेलं सगळं खरं आहे. पण जाफराबाद तालुक्यातल्या माणसाचं पोलिसाशी असलेलं नातं एवढंच आहे असं म्हटलं तर ते खोटं होईल. मराठवाड्याच्या जुन्या आठवणीत पोलीस म्हणजे निजामाचा पोलीस आहे. त्याच्या आणि रझाकारांच्या भीतीने माणसं वऱ्हाडच्या हद्दीत पळाली होती. आज तक्रार नोंदवायला ठाण्यात जाताना साधा माणूस ओळखीचा कुणी मिळतो का, ते पाहतो. आणि १ सप्टेंबर २०२३ची संध्याकाळ आहे. याच जालना जिल्ह्यातल्या अंतरवाली सराटीत मराठा आरक्षणासाठी उपोषण चालू होतं, तिथे पोलिसांनी लाठीमार केला, अश्रुधूर सोडला. आंदोलकांना लागलं, पोलिसांनाही लागलं. राज्य पेटलं. त्या बंदोबस्तातही शेतकऱ्यांचीच पोरं होती आणि समोरही शेतकऱ्यांचीच. कितीतरी घरांत त्या रात्री एक पोरगा गणवेशात होता आणि दुसरा घोषणा देत होता.

पोलिसाच्या मरणाचा मान राखायचा म्हणजे त्याच्या खात्याबद्दल गप्प बसायचं, असं मला मान्य नाही. उलट ज्या गावाने आपलं पोरगं दिलं, त्याला विचारायचा पहिला हक्क आहे. जांभुळखेड्याच्या रस्त्यावर सुरुंगाची तपासणी झालेली नसताना पंधरा जण एका साध्या खासगी वाहनात बसून का गेले, हा प्रश्न त्या वेळी वर्तमानपत्रांनी विचारला, कुटुंबीयांनी विचारला. जंगलातल्या रस्त्यावर पायी जावं, आधी रस्ता तपासावा, हे नियम आधी सांडलेल्या रक्तातून लिहिले गेले होते. ते त्या दुपारी कोणाच्या सांगण्यावरून बाजूला ठेवले गेले, हे विचारणं म्हणजे हौतात्म्याचा अपमान आहे असं काहींना तेव्हा वाटलं. मला तो शोकाचाच भाग वाटतो. आईसुद्धा रडताना आधी हेच विचारत असते: कसा गेला?

आणि तिरंगा न मिळता गेलेल्यांचं काय? करोनाच्या साथीत महाराष्ट्रात शेकडो पोलीस गेले. एप्रिल-मे २०२०मध्ये मालेगावच्या बंदोबस्तावरून परतलेल्या जालन्याच्या राज्य राखीव दलाच्या जवानांना लागण झाली, तेव्हा त्यांच्याकडे पाहण्याची लोकांची नजर मला आठवते. वर्षभरापूर्वी ‘अमर रहे’ म्हणणारी माणसं त्यांच्यापासून चार हात दूर सरकत होती. तेव्हा भीती सगळ्यांनाच होती, त्याचा दोष मी देत नाही. पण साथीत गेलेल्या शिपायाच्या चितेशी गाव नव्हतं, फैरी नव्हत्या, पीपीई किट घातलेले चार अनोळखी लोक होते. शासनाने त्या कुटुंबांना ५० लाखांची मदत जाहीर केली. गावाने जे द्यायचं असतं ते द्यायचं राहूनच गेलं. बंदोबस्तावरून परतताना पहाटे मोटारसायकलवर डुलकी लागून गेलेले, सलग ड्युटीनंतर छातीत कळ येऊन गेलेले, स्वतःच्या हाताने आयुष्य संपवलेले, यांच्या दारात मंत्री येत नाहीत. त्यांच्याही घरी अनुकंपेच्या नोकरीची फाईल असते, आणि तीही टेबलावरून टेबलावर फिरत असते.

२०२५च्या ऑक्टोबरात आणखी एक गोष्ट घडली. १५ तारखेला गडचिरोलीत माओवाद्यांचा वरिष्ठ नेता मल्लोजुला वेणुगोपाल ऊर्फ भूपती याने साठ साथीदारांसह मुख्यमंत्र्यांसमोर शस्त्रं ठेवली. राज्यभर आनंद व्यक्त झाला, आणि तो योग्यच होता. सहाच दिवसांनी स्मृतिदिन आणि लक्ष्मीपूजन होतं. मेहकर, आळंद, पाटोदा इथल्या घरांत ती दृश्यं कशी पाहिली गेली असतील, याचा विचार माझ्या मनातून जात नाही. ज्या संघटनेने सुरुंग पेरले, तिच्या माणसांचं हस्तांदोलन करून स्वागत होत होतं, पुनर्वसनाच्या रकमा जाहीर होत होत्या. मी पूर्ण विचार करून लिहितो की हे व्हायलाच हवं होतं. यापुढे एकाही गावात पेटी येऊ नये, यासाठी याहून चांगला मार्ग नाही. गेलेल्या पंधरांनाही सुटीत घरी यायचं होतं, ते कुणाला संपवण्यासाठी जन्मले नव्हते. पण शासनाला या घरांकडे आधी एक माणूस पाठवता आला असता. टीव्हीवर दिसण्यापूर्वी, तालुक्याच्या ठाण्यातला एखादा फौजदार घरी जाऊन ओसरीवर बसला असता, चहा घेतला असता, आणि सांगितलं असतं की उद्या असं होणार आहे. शरणागतीचा सोहळा आखणाऱ्यांच्या यादीत ही घरं असायला हवी होती.

स्मारकांना माझा विरोध नाही. प्रवेशद्वार बांधा, शाळेला नाव द्या, त्याच्या नावाने कबड्डीचे सामने भरवा, रक्तदान शिबिरं घ्या. या पट्ट्यात हे सगळं होतं आणि पोरं मनापासून करतात. पण प्रवेशद्वारावरचा रंग पाच वर्षांत उडतो, आणि चषक पहिल्या तीन वर्षांनंतर वर्गणी जमत नाही म्हणून बंद पडतो. त्यापेक्षा आपल्याकडे एक जागा आधीपासून आहे. महाराष्ट्रात १ मे रोजी प्रत्येक ग्रामपंचायतीत ग्रामसभा भरवायची असते. झेंडावंदन झालं की त्याच पारावर किंवा शाळेच्या पटांगणात ती बसते. लोक जमलेले असतात, ग्रामपंचायत अधिकारी इतिवृत्ताची वही घेऊन आलेला असतो.

जाफराबाद तालुक्यातल्या, आणि हद्दीपलीकडच्या देऊळगाव राजा तालुक्यातल्याही ग्रामपंचायतींनी त्या सभेचा पहिला विषय म्हणून जांभुळखेड्याला गेलेल्यांची नावं वाचावीत. पंधरा पोलिसांची, आणि त्यांच्यासोबत गेलेल्या चालकाचंही, कारण तो पोलीस नव्हता आणि म्हणून २१ ऑक्टोबरच्या यादीत त्याला जागा नाही. मडावी, हलामी, कोडापे ही नावं आपल्या पोरांच्या कानांवर पडू देत. मग दुसरा विषय घ्यावा: आपल्या गावचे किती जण सध्या पोलिसात आहेत, कुठे आहेत, आणि गावातल्या ज्या घरातला पोलीस गेला त्या घराचा कोणता कागद कुठल्या कचेरीत अडला आहे. ग्रामपंचायत अधिकाऱ्याने तो इतिवृत्तात लिहावा, खाली सह्या घ्याव्यात, आणि पुढच्या, १५ ऑगस्टच्या ग्रामसभेत मागचं इतिवृत्त वाचताना तो कागद निघाला की नाही ते सगळ्यांदेखत विचारावं.